तीन की पाच

गाथोगोने नकार देण्यासाठी शनिवार निवडला, कारण त्या दिवशी दोन्हीकडची माणसं त्याच्या अंगणात असणार होती. मंगळवारी नैरोबीत त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. विहीण वामाइथा त्याला निरोप द्यायला मुरांगाहून दोन गाड्या बदलून आली होती. मुलगा मुरीथी आणि आठ महिने भरलेली सून गाकेनिया शुक्रवारीच आले होते. जेवणं झाली, थर्मासमधला चहा ओतला गेला, वामाइथाने म्हाताऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लांबलचक प्रार्थना म्हटली, सगळे आमेन म्हणाले, आणि त्या आमेनच्या पाठोपाठ म्हातारा बोलला.

"मी जात नाही."

"कुठे?" मुरीथीने विचारलं.

"तुम्ही कापायला नेताय तिथे. सुनेच्या पोटात कोण आहे ते आधी सांगा. मग बघू."

सगळ्यांनी न्यावीराकडे पाहिलं.

न्यावीराला या नजरेची सवय झाली होती. ती गाथोगोची थोरली मुलगी, वय एक्कावन्न, आणि खालच्या गावातल्या मिशनच्या रुग्णालयात सव्वीस वर्षं सोनोग्राफीच्या खोलीत काम करत होती. भावजयीचं पोट या खेपेला तिने तीनदा तपासलं होतं. म्हणजे तिला माहीत असणार, हे घरातल्या प्रत्येकाने गृहीत धरलं होतं आणि चार महिने सगळे तिच्या वागण्यातून अर्थ काढत होते. तिने पिवळ्या लोकरीची टोपी विणली, तर 'निळी का नाही' यावर चर्चा झाली. मघाशी तिने पहिला कप विहिणीला दिला, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा पडलेला तिने स्वतः पाहिला. विहीण दाराजवळ बसली होती, एवढंच त्याचं कारण होतं.

न्यावीराला माहीत नव्हतं. तिने पाहिलंच नव्हतं. डोक्याचा घेर मोजायचा, मांडीचं हाड मोजायचं, हृदयाचे चार कप्पे बघायचे, आणि यंत्र पोटाच्या खालच्या भागावरून फिरताना नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर ठेवायची. पहिल्या वेळी हे अवघड गेलं. तिसऱ्या वेळेपर्यंत हात बसला. हे तिने भावाला खरं खरं सांगितलं होतं. भाऊ हसला होता.

"ताईकडे बघू नका," गाकेनिया म्हणाली. "ती माझ्याशी बोलली आहे. कुणालाही कळायचं नाही, असं ठरलंय."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, सूनबाई. माझ्या मुलीशी बोलतोय."

"पोट माझं आहे, बाबा."

"आणि नाव?" म्हातारा म्हणाला. "नाव कुणाचं आहे?"

सगळी अडचण नावाची होती. पहिली मुलगी झाली तेव्हा रीतीप्रमाणे तिला बापाच्या आईचं नाव मिळालं. ती वांगुई आता नऊ वर्षांची होती आणि शाळेच्या वसतिगृहात होती. आता मुलगा झाला तर तो बापाच्या बापाचा, म्हणजे गाथोगो. मुलगी झाली तर ती आईच्या आईची, म्हणजे वामाइथा. गाकेनिया एकोणचाळीस वर्षांची होती आणि यानंतर पुन्हा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जागा एकच उरली होती. तिची वाट पाहणारी दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून एकाच थर्मासमधला चहा पीत होती.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा झाला असता. त्या वेळी न्यावीराने पडद्याकडे पाहिलं होतं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं. गाथोगोने मेंढा कापला. सून तेव्हा इथेच राहायची; रोज सकाळी तो तिच्या पोटाकडे बघून 'काय गाथोगो, झोप झाली का?' असं विचारायचा. आठव्या महिन्यात त्या पोराचं हृदय थांबलं. तेही न्यावीरानेच पडद्यावर पाहिलं. दफन झाल्यावर म्हातारा अंगणात चारचौघांत म्हणाला, 'आज मला पुरलं.' त्यानंतर अकरा दिवस त्याने पेजेशिवाय काही खाल्लं नाही. सगळं घर त्याची समजूत काढत होतं. गाकेनिया आतल्या खोलीत पडून होती. तिला दूध आलं होतं, ते थांबवायला छातीवर फडकं घट्ट बांधलं होतं, आणि भिंत फळ्यांची असल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

म्हणून या खेपेला तिने तिसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं: जन्म होईपर्यंत हे मूल कुणाचंही नाही. बाहेर आलं की काय ते भांडा.

"तुम्हाला नुसतं कळायला हवंय ना," वामाइथा म्हाताऱ्याला म्हणाली. "देवाला माहीत आहे, तेवढं पुरे नाही का?"

"विहीणबाई, तुमच्या चर्चच्या महिला मंडळाने लहान मुलीचा झगा शिवायला घेतलाय, असं ऐकलं. तोही देवानेच सांगितला का?"

"झगा कुणालाही होतो."

"लेस लावलेला?"

वामाइथाने कप खाली ठेवला. मुरीथी उठला आणि बहिणीला खूण करून गोठ्याकडे चालू लागला.

गोठ्यामागे धुकं होतं आणि उतारावरचा चहाचा मळा पन्नास पावलांपलीकडे दिसत नव्हता. जुलैत इथे दुपारही सकाळसारखीच असते.

"सांगून टाक त्यांना," मुरीथी म्हणाला.

"काय सांगू?"

"मुलगा. एक शब्द. गाडीत बसतील, भुलीचं इंजेक्शन घेतील, झडप बदलून होईल. पुढचं पुढे."

"आणि मुलगी झाली तर?"

"तोवर टाके सुकलेले असतील." तो थांबला. "म्हणजे मुलगीच आहे का?"

"मुरीथी, मी पाहिलेलं नाही."

"बरं, नाही पाहिलंस. पण सांगायला काय जातं?"

"बायकोला काय सांगशील?"

"तिला कशाला सांगायचं?"

न्यावीराने भावाकडे पाहिलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरात कुणालाच नाही म्हणू शकायचा नाही. तिसऱ्या महिन्यात बायकोच्या बाजूने तोच सगळ्यांत आधी उभा राहिला होता.

"मागच्या वेळी मी एकच शब्द बोलले होते," ती म्हणाली. "तुला आठवतं, त्याचं काय झालं?"

"त्या शब्दाने पोर गेलं नाही, ताई."

"नाही. पण ते गाकेनियाचं पोर म्हणून गेलं नाही. बाबांचं नाव म्हणून गेलं. तिला रडायलासुद्धा नंबर लावावा लागला."

मुरीथी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "मग मंगळवारचं काय?"

ती परत आली तर वामाइथा स्वयंपाकघरात न्जाही नावाच्या काळ्या घेवड्याच्या दाण्यांतले खडे निवडत होती. बाळंतिणीसाठी हे दाणे दोन महिने आधीपासून साठवतात.

"मला काही नावाची हाव नाही," वामाइथा मान वर न करता म्हणाली. "मला पाच मुली. चौघींनी माझी नातवंडं जन्माला घातली, आणि चौघींनाही दुसऱ्या खेपेला मुलगेच झाले. पुढे एकीलाही दुसरी मुलगी नाही. ही पाचवी. पण मी काही म्हणते का?"

"नाही म्हणत."

"लोकर कुठल्या रंगाची आणू, तेवढंच विचारलं होतं."

"पिवळी आणा, आई."

"चार महिने पिवळी! पोर कावीळ घेऊन येणार आहे का?" वामाइथाने एक खडा दाराबाहेर फेकला. "खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर 'मुलगी' म्हणून मोकळी झाले असते. तुझंच भलं आहे त्यात. म्हाताऱ्याला वळून बघावं लागलं असतं, त्याच्या नावाचं माणूस घरात आधीच आहे म्हणून."

बाहेर ते माणूस आपल्या पिकअपच्या पुढच्या चाकाशी वाकून उभं होतं.

तो न्यावीराचा मुलगा, नाव इलायस. ते बाप्तिस्म्याचं नाव होतं. जन्मदाखल्यावर त्यापुढे गाथोगो असं लिहिलेलं होतं. न्यावीराने लग्न केलं नव्हतं, आणि नवरा नसलेल्या बाईच्या पहिल्या मुलाला तिच्याच बापाचं नाव मिळतं, ही रीत या डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होती. गाथोगोलाही. अठ्ठावीस वर्षांत त्याने ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही या अंगणात उच्चारू दिलं नव्हतं. पोर लहान होतं तेव्हा तो त्याला 'ए' म्हणायचा. पिकअप घेऊन कोबी वाहायला लागल्यापासून 'ड्रायव्हर' म्हणायचा.

अंगणातून गाकेनियाचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच दोघी बाहेर आल्या.

ती सासऱ्यासमोर उभी होती. एक हात कमरेवर, एक खुर्चीच्या पाठीवर.

"बाबा, तुम्ही मंगळवारी नैरोबीला जा. तुम्ही बरे व्हावं असं मला वाटतं. पण माझ्या पोटातलं हे तुमचं औषध नाही. मुलगा असेल म्हणून तुम्ही जगणार आणि मुलगी असेल म्हणून मरणार, एवढं ओझं मी अजून न जन्मलेल्या जिवावर टाकणार नाही."

"मी मरतो म्हणालो का?"

"मागच्या वेळी म्हणालात. मी ऐकलं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या फळ्यांच्या भिंतीचा विचार त्याने दोन वर्षांत केलेला नसावा. तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात गाकेनियाने खाली पाहिलं. तिच्या पायांशी माती ओली झाली होती.

"ताई," ती म्हणाली. "तीन आठवडे आधी. चालतं ना?"

"चालतं," न्यावीरा म्हणाली. "इलायस, गाडी काढ."

पुढची दहा मिनिटं कुणी नावाचा विचार केला नाही. पिकअपच्या मागच्या भागातले कोबी उतरवून गवतावर टाकले गेले. गाकेनिया आणि तिची आई पुढे बसल्या, मुरीथी मागे उभा राहिला. वामाइथा खिडकीतून ओरडून दाणे भिजत घालायला सांगत होती. न्यावीरानेही जायला पाय उचलला होता, पण म्हाताऱ्याच्या ओठांचा रंग बदललेला तिला दिसला. तिने त्याची नाडी पाहिली आणि ती मागे राहिली. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी गाडी कुंपणाबाहेर गेली. बाळाचे कपडे आणि दवाखान्याची वही असलेली बॅग दारातच राहिली, हे गाडी वळणापलीकडे गेल्यावर लक्षात आलं.

गाडीचा आवाज ऐकून शेजारची वांजुगु कुंपणातल्या फटीतून आली. सत्तरी ओलांडलेली, आणि या घरातल्या प्रत्येक जन्माला हजर राहिलेली. मागोमाग तिच्या दोन सुना आल्या. तिघींनी चूल पेटवली आणि न्जाही शिजत टाकली.

गाथोगो अंगणात अ‍ॅव्होकाडोच्या झाडाखालीच बसून राहिला. न्यावीराने त्याच्या पायांवर घोंगडं टाकलं, गोळी दिली आणि शेजारी बसली.

"आता सांग," तो म्हणाला. "इथे कुणी नाही."

"मी पाहिलं नाही, बाबा."

"सव्वीस वर्षं लोकांच्या बायकांची पोटं बघतेस."

"हो."

"आणि नेमकं हेच बघितलं नाहीस."

"हेच नाही बघितलं."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मुलगी खोटं बोलते तेव्हा ती कशी बोलते हे त्याला माहीत होतं, कारण ती खोटं क्वचितच बोलायची.

"का?"

या प्रश्नाचं एक उत्तर तिने तयार ठेवलं होतं. भावजयीला शब्द दिला होता, हे ते उत्तर. तिने ते आजवर चार जणांना दिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. आज ते द्यायचा तिला कंटाळा आला.

"मुलगा दिसला असता तर तुमच्यासाठी आनंद झाला असता," ती म्हणाली. "मुलगी दिसली असती तर माझ्यासाठी. यातलं कुठलं होतंय, ते मला बघायचं नव्हतं."

"तुझ्यासाठी कसला आनंद?"

"तुम्हाला माहीत आहे."

गाथोगोने उताराकडे पाहिलं. गवतावर कोबी पडले होते.

"तो ड्रायव्हर," तो म्हणाला.

"त्याला नाव आहे."

"नाव सुनेकडून येतं."

"आणि मुलीला नवरा नसला की मुलीकडून येतं. तुमच्या बहिणीच्या पोराला तुमच्या वडिलांचं नाव असंच मिळालं. तेव्हा तुम्ही स्वतः बोकड कापला होतात."

"ते वेगळं होतं."

"ती तुमची मुलगी नव्हती, एवढंच वेगळं."

चुलीचा धूर अंगणात आला आणि म्हातारा खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "त्याने कधी तक्रार केली?"

"कधीच नाही. दर गुरुवारी तो तुम्हाला तपासणीला नेतो आणि तुम्ही शेजारी बसून त्याला 'डावीकडे घे, उजवीकडे घे' सांगता. रस्ता त्याला माहीत आहे, बाबा."

"वळणावर फार हळू चालवतो."

"तुमच्या छातीसाठी हळू चालवतो."

म्हाताऱ्याने घोंगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं. जे बोलायला तिला अठ्ठावीस वर्षं लागली होती, ते बोलायला पाच मिनिटं पुरली होती, आणि अंगणात काहीच बदललेलं दिसत नव्हतं. कोंबड्या खुराड्याकडे जाऊ लागल्या होत्या.

पावणेसहाला पिकअप परत आली. इलायस एकटाच होता. बॅग न्यायला आला होता आणि वाटेत चाक पंक्चर झालं होतं. गाकेनिया ठीक आहे, आत घेतलंय, मामा भिंतीला टेकून उभा आहे, वामाइथाआजी नर्सला बायबल वाचून दाखवतेय, एवढी बातमी त्याने दिली. मग जादा चाकाचे नट घट्ट करायला तो गाडीशेजारी उकिडवा बसला.

सहा वाजून दहा मिनिटांनी न्यावीराचा फोन वाजला. मुरीथीचा होता.

"काही बोलू नकोस," तो घाईने म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "दोघंही सुखरूप आहेत. बाबांच्या जवळ धर. आवाज मोठा कर. आई सांगणार आहेत."

कसं सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी झाली की बायका तीन आरोळ्या देतात, मुलगा झाला की पाच. न्यावीराने फोन म्हाताऱ्याच्या गुडघ्यावरच्या टोपीवर ठेवला. वांजुगु आणि तिच्या सुना स्वयंपाकघराच्या दारात आल्या. गाथोगोने उजवा हात वर धरला, पाचही बोटं उघडी.

फोनमधून वामाइथाची आरोळी आली, जीभ हलवत लांबवलेली, त्या लहानशा यंत्रात न मावणारी. म्हाताऱ्याने अंगठा मिटला. दुसरी आली. तिसरी आली. तिसरं बोट मिटलं, आणि फोन बंद पडला.

न्यावीराने परत लावला. लागला नाही. धुकं खाली उतरलं की या बाजूला नेहमीच असं होतं.

"अजून दोन राहिल्या असतील," गाथोगो म्हणाला.

"असतील," वांजुगु म्हणाली.

"तिसरी अर्धी तुटली. म्हणजे पुढे होती."

"तिसरी पुरी होती," वांजुगुची धाकटी सून म्हणाली, आणि सासूने तिला कोपर मारलं.

चार मिनिटं गेली. म्हाताऱ्याची दोन बोटं उभीच होती. न्यावीरा फोनकडे बघत बसली, आणि जे तिने पडद्यावर चार महिने टाळलं होतं ते आता समोर आलं. तिला तीनच हव्या होत्या. चौथी नको होती. बापाचा हात तिच्या डोळ्यांसमोर होता, तरी नको होती. याची जेवढी लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, तेवढी वाटली नाही.

फोन वाजला. या वेळी गाकेनिया स्वतः होती. आवाज बारीक पण स्वच्छ.

"बाबा, वामाइथा आली आहे," ती म्हणाली. "पावणेतीन किलो. रडते आहे, ऐकू येतं का?"

ऐकू येत होतं. गाथोगो फोनवर वाकला.

"पोरी," तो म्हणाला. "तू कशी आहेस?"

पलीकडून बाळाचं रडणं तेवढं ऐकू आलं. हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा.

"मी बरी आहे, बाबा."

"मग झालं. तुझ्या आईला सांग, लेसचा झगा आणू दे."

फोन ठेवला गेला. वांजुगु आणि तिच्या सुनांनी अंगणाच्या मध्यावर येऊन तीन आरोळ्या दिल्या, कारण बातमी घरात आली की घरानेही ती द्यायची असते. मग त्या थांबल्या आणि म्हाताऱ्याकडे पाहू लागल्या. त्याची दोन बोटं अजून उभी होती. त्याने त्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"वांजुगु," तो म्हणाला. "त्या दिवशी स्वयंपाकघरात तू होतीस ना?"

"कुठल्या दिवशी?"

"सोंग करू नकोस."

वांजुगुने फडक्याला हात पुसले. "होते. तुमची बायको वांगुईही होती, देव तिला शांती देवो. मी बाहेर येऊन तोंड उघडलं, तर तुम्ही काठी उगारलीत. मी तोंड मिटलं."

"किती दिल्या होत्यास?"

"एकही नाही."

"मग दे आता."

"आता?" वांजुगुने पिकअपकडे पाहिलं. "गाथोगो, त्याला मिशा आल्यात."

"तुझा आवाज गेला असेल तर सुनांना सांग."

वांजुगुचा आवाज गेला नव्हता. पहिल्या आरोळीला इलायसने चाकामागून डोकं वर काढलं, काय झालं म्हणून. दुसरीला तो उभा राहिला. तिसऱ्या आरोळीनंतर बायका थांबल्या नाहीत, तेव्हा त्याने आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला कळलं असावं, कारण चौथी आणि पाचवी त्याने खाली बघून ऐकली, हातात पाना तसाच धरून.

"गाथोगो," म्हातारा म्हणाला. आवाज कोरडा होता, गुरुवारी गाडीत असायचा तसाच. "मंगळवारी किती वाजता निघायचं?"

इलायसने पाना खिशात ठेवला. "चारला निघालो तर शहरात गर्दी लागणार नाही."

"साडेतीनला निघू. तू वळणावर फार हळू चालवतोस."

"बरं."

न्यावीरा उठली, दाणे खाली लागतील म्हणून आत गेली, आणि दाणे लागत नव्हते तरी बराच वेळ बाहेर आली नाही.

या डोंगरावर आवाज फार लांब जातो, धुक्यात तर जास्तच. समोरच्या डोंगरावरच्या लोकांनी त्या संध्याकाळी आरोळ्या नीट मोजल्या होत्या. आधी तीन, मग थोडं थांबून पाच. रविवारी चर्च सुटल्यावर तिथल्या सात बायका दरी उतरून, ओढा ओलांडून, वर चढून आल्या. त्यांच्याकडे सगळं जोडीने होतं: दोन टोप्या, केळ्यांचे दोन घड, पिठाची दोन गाठोडी, आणि पुढे चालणाऱ्या दांडग्या बाईच्या पाठीवर जळणाच्या दोन मोळ्या, एकीवर एक.

"गाकेनियाला उद्या सोडतील," न्यावीरा म्हणाली. "मुलगी झाली. वामाइथा."

"ती तीनची," दांडगी बाई धापा टाकत म्हणाली. "आणि पाचचा कुठंय?"

न्यावीराने पिकअपकडे बोट दाखवलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, काळ्या तेलाने माखलेल्या बुटांसकट. गाथोगो शेजारी स्टुलावर बसून, कुठला नट अजून सैल आहे ते काठीने दाखवत होता.

बाईने त्या पायांकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे. मग परत पायांकडे. पाठीवरची वरची मोळी तिने सोडवली, गाडीपाशी नेली आणि त्या बुटांशेजारी ठेवली.